पान एकसष्ट

कीमीच्या धक्क्यावर दुपारी दोनला पाटी लागली:
वारा आठ बोफर्ट. स्कीरोसची बोट रद्द.
पुढची सूचना मिळेपर्यंत.
पुढची सूचना कोण देणार, ते पाटीवर नव्हतं.

स्तामातूलाच्या कॉफीघरात मी पुस्तक उघडलं.
पॅरिसच्या एका प्राध्यापकाचं, आमच्याच जुन्या माणसांवर,
फ्रेंचमधून आमच्या भाषेत परत आलेलं,
माहेरपणाला आलेल्या मुलीसारखं
जरा परकं, जरा अंगानं भरलेलं.

साठ पानं तो एकाच शब्दाभोवती घिरट्या घालतोय:
अपोरिया.
पोरोस म्हणजे उतार, पाणी ओलांडायची जागा.
त्याच्या आधी एवढासा 'अ', आणि उतार गेला वाहून.
म्हणतो, वाट संपते तिथे विचार सुरू होतो.
म्हणतो, घाई करू नका, तिथे राहायला शिका.
स्कीरोसच्या शाळेत वीस वर्षं
मी हे एका ओळीत उरकत आले:
अपोरिया, स्त्रीलिंगी, अर्थ पेच.
अधोरेखित करा, परीक्षेला येतं.

शेजारच्या टेबलावर त्रिआन्ताफिलोस,
बाहेर त्याचा ट्रक, ट्रकमध्ये एकवीस शेळ्या.
"काय वाचताय, बाई?"
मी शब्द सांगितला. सोपा करून सांगायच्या आतच
तो म्हणाला, "आमच्या आईकडे आहे तो.
दाखल्यावर. नगरपालिकेचा गोल शिक्का मारून.
अपोरोस.
महिन्याला तेल मिळतं, मसूर, दुधाचे दोन डबे.
दर जानेवारीत जाऊन सिद्ध करावं लागतं
की अजून काहीच नाही."

मी मागे गेले. तळटीपा चाळल्या.
शेवटच्या सूचीत 'अ'खाली बोट फिरवलं.
बारा जर्मन होते तिथे,
दोन व्याकरणकार, एक बिशप,
एका हस्तलिखिताला पडलेलं वाळवीचं भोकसुद्धा होतं,
पान दोनशे सात, सविस्तर.
रांगेतली बाई नव्हती.

पण मनासारखं रागावताही येईना,
कारण एकसष्टाव्या पानावर, मध्येच,
जणू लिहिताना कुणी दार ठोठावलं असावं
असं एक वाक्य होतं.
मी ते मोठ्यानं वाचलं:
हरवलेल्याची वाट कुठेतरी असते,
निरुपायाला हरवायचीही सोय नसते.

"परत वाचा."
परत वाचलं.
स्तामातूलाचा कप पुसणारा हात थांबला.
"हे त्यानं आमच्या आईला बघून लिहिलंय?"
"नाही."
"मग चोरलं कुठून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
प्राध्यापकाकडे असेल, चारशे पानांच्या शेवटी,
पण मला तिथवर जाववेना.
काचेपलीकडे समुद्र पांढरा होत होता,
धक्क्यावरचे दोर ताणले जात, सैल पडत,
पुन्हा ताणले जात होते.
स्कीरोसची दोन म्हातारी माणसं दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन
भिंतीकडे बघत बसलेली.
एक नवरी, म्हणजे शनिवारी होणारी,
दर दहा मिनिटांनी फोन बघायची.
बंदराचा पोलीस, कोवळा पोरगा,
दारातूनच मान हलवून गेला.
वाट नव्हती
आणि आम्ही सगळे ती पाहत होतो.

राहायला शिका, म्हणतो.
सोफ्याची किंमत किती, विचारावंसं वाटलं त्याला.
मग वाटलं, त्याचीही कुठली तरी बोट अडली असेल कधी,
त्याशिवाय ते वाक्य असं
चपला न घालता बाहेर आलं नसतं.

अंधार पडता पडता मी पेन्सिल काढली.
सूचीत 'अ'खाली जेमतेम बोटभर जागा होती.
लिहिलं:
अपोरोस. त्रिआन्ताफिलोसची आई. दर जानेवारीत.
नाव लिहायला गेले, आणि लक्षात आलं,
विचारलंच नाही.

तो शेळ्यांना पाणी दाखवायला गेला होता.
वारा अजून आठच.